शाळेची परसबाग आणि बौद्धवाडीचा प्रश्न

श्रावण लागला की आमच्या मोबाइलवर शाळांच्या परसबागांचे फोटो येऊ लागतात. हिरवे वाफे, ओळीने उभी केलेली मुले, मध्ये सरपंच आणि केंद्रप्रमुख, कुणाच्या तरी हातात लांबलचक पडवळ. मालवण तालुक्यात काम करताना असे फोटो आम्ही कितीतरी पाहिले. चळवळीतले बहुतेक मित्र ते न बघताच पुढे सरकवतात. शिष्यवृत्ती, आरक्षण, ॲट्रॉसिटीचा खटला हे आपले विषय. दोडका आणि भेंडी हे निसर्गप्रेमी मंडळींचे विषय, असे त्यांच्या मनात पक्के असते. आमचे मत वेगळे आहे. शाळेच्या ताटातली भाजी कुठून येते, ती कोण पिकवतो, कोण शिजवतो आणि कुणाच्या हातचे कोण खातो, यात जातीचा अख्खा कारभार दिसतो. म्हणून हा विषय आपला आहे, आणि आपण तो सोडून दिला तर तो दुसऱ्यांच्या हातात जाईल.

पण आधी विरोधाची बाजू मांडतो, कारण ती आम्हाला आमच्याच माणसांनी ऐकवली आहे. एका बौद्धवाडीत विहाराच्या ओट्यावर पालकांची सभा होती. परसबागेचा विषय निघाला तशी मागे बसलेली एक आजी म्हणाली, "बाबासायबांनी आमच्या हातात पेन दिल्यानी, आणि तुमी पोरांच्या हातात परत खोरा देतास?" सभेत कुणी हसले नाही. तिच्या पिढीने दुसऱ्याच्या कुणग्यात लावणी केली, दुसऱ्याच्या बागेत नारळ वाहिले आणि संध्याकाळी पडवीच्या बाहेर उभे राहून मजुरी घेतली. मुलांना शाळेत घातले ते मातीतून काढण्यासाठी. त्याच शाळेने मुलांना मातीत उतरवले तर त्या आईबापांना संशय येणारच.

हा संशय अडाणीपणाचा नाही, त्याला इतिहास आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची परिषद झाली आणि झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. मुलांनी हाताने काम करावे एवढ्यापुरते ते कुणालाही पटेल. पण मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागवावा, हीसुद्धा त्यामागची कल्पना होती. म्हणजे गरिबाच्या मुलाने शिकायचे आणि आपल्या शिक्षणाची किंमतही आपल्याच हातांनी चुकवायची. पुढे १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी आणलेली योजना तर उघडच होती: काही तास शाळा आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकणे. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा, कुंभाराच्या मुलाने चाक. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव देऊन झोडपले आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या काळात ती रद्द झाली. आजीने यातले काही वाचलेले नाही, पण तिचा प्रश्न तोच आहे.

मग आम्ही परसबागेच्या बाजूने का? कारण शाळेतल्या शेतीची दुसरी परंपराही आहे, ती वर्ध्याच्या आधीची आहे आणि ती आपली आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, ते आपण प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या मागणीसाठी नेहमी आठवतो. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे तेही सांगितले आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आरोग्य, नीती, आणि त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान. खेड्यातल्या शाळेला जोडून एक लहानसे नमुना शेत असावे आणि तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवावे, असे त्यांनी स्पष्ट सुचवले. नई तालीमच्या ५५ वर्षे आधी. शाळेच्या परसबागेचा महाराष्ट्रातला इतिहास लिहायचा तर तो इथून सुरू करावा लागेल. तो तसा लिहिला जात नाही, हे वेगळे सांगायला नको.

फुल्यांचे नमुना शेत आणि नंतरची उद्योगशाळा यांत फरक काय? फुल्यांना शेतकऱ्याचा मुलगा शेतीला जखडून ठेवायचा नव्हता. त्याच निवेदनात ते शूद्रातिशूद्रांसाठी शिष्यवृत्त्या मागतात, त्यांच्यातून शिक्षक तयार व्हावेत म्हणतात. शेती हा शास्त्राचा विषय म्हणून वर्गात यावा, बापाचा धंदा म्हणून नव्हे, अशी ती मांडणी आहे. आणि पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यांनी शेतीतल्या लुटीचा हिशेब मांडला. बाबासाहेबांनाही खेड्याचे कधी कौतुक नव्हते. भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर १९१८ मध्ये लिहिताना शेतीवरचा माणसांचा भार कमी करायला उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण म्हणून त्यांनी जमिनीचा प्रश्न सोडला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले, त्यांचे नेतृत्व केले. मालवण, देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न बघता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर असे भेदच उरू नयेत, असा आराखडा आहे. मातीपासून पळा असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. माती कुणाच्या नावावर आहे ते बघा, असे म्हणाले.

आता ताटाकडे येऊ. शाळेतला आहार १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाला तेव्हा बहुतेक ठिकाणी नुसते धान्य मिळायचे. शिजवलेले अन्न द्या हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. सप्टेंबर २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण झाले आणि तिच्यात शाळेची पोषण परसबाग, स्थानिक पिके, महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांचा सहभाग हे सगळे कागदावर आले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. तांदूळ सरकारी गोदामातून येतो, डाळ-तेल-मसाला पुरवठादाराकडून. भाजी आणि जळण तेवढे शाळेच्या पातळीवर घ्यायचे असते.

म्हणजे ताटातला एकच पदार्थ असा आहे जो गावातून घेता येतो. आणि नेमका तोच गावातून येत नाही. सिंधुदुर्गातल्या बाजारांत भाजी येते ती मुख्यतः बेळगाव आणि कोल्हापूर भागातून, घाट उतरून. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यातली मुले घाटावरचा कोबी आणि बटाटा खातात. त्यात घाटावरच्या शेतकऱ्याचा दोष नाही. पण आंबोलीच्या घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या आमटीतली भाजी पातळ होते, हे आम्ही पाहिले आहे.

मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहाराचा खर्च मंजूर आहे. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण सगळे आले. किलोला सरासरी ४० रुपये धरले तरी ५० ग्रॅम भाजीचे दोन रुपये होतात. उरलेल्या पावणेपाचात बाकीचे भागवायचे. मुख्याध्यापक भाजीचा हात आखडता का घेतात, ते या आकड्यांतच आहे.

परसबाग इथे कामाला येते. चाळीस पटाच्या शाळेला दिवसाला दोन किलो भाजी लागते. शाळा १५ जूनला उघडते, तेव्हा पाऊस आलेला असतो, हे कोकणातल्या शाळांचे भाग्य. तांबडी भाजी टाकली तर पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. मांडवावर पडवळ, दोडका, काकडी. बांधाला अळू. दिवाळीनंतर मुळा, मोहरी, चवळी. खरी अडचण मार्चपासून. विहीर तळाला जाते, मेमध्ये शाळेला सुट्टी, पाणी घालायला कुणी नाही. म्हणून शेवगा, पपई, कढीपत्ता, सुरण, केळ अशी सुट्टीत तग धरणारी लागवड कुंपणाच्या कडेने हवी. एक शेवगा धरला की पाल्याची भाजी वर्षभर मिळते. मोकाट गुरे आणि माकडे ही दुसरी अडचण. नुसत्या काट्यांची वई गुरांना अडवते, माकडांना नाही. माकडांवर आम्हाला अजून कुणी खात्रीचा उपाय सांगितलेला नाही. ते सुरणाला सहसा हात लावत नाहीत, एवढे समाधान.

यात शिक्षण कुठे, असे विचारणाऱ्यांना आम्ही एका शाळेतली वही दाखवतो. पाचवीच्या मुलींनी ठेवलेली. वाफ्याची लांबी-रुंदी, किती ग्रॅम बी टाकले, कितव्या दिवशी उगवले, किती किलो निघाले, बाजारात त्या दिवशी जुडीचा भाव काय होता. क्षेत्रफळ, सरासरी, नफा-तोटा सगळे त्यात आहे, आणि कुणी ते गणित म्हणून पाठ केलेले नाही. चवळीचे झाड उपटून मुळावरच्या गाठी बघितल्या की हवेतला नत्र जमिनीत कसा येतो ते कळते. विज्ञानाच्या तासाला तोच धडा चित्रावरून शिकवला जातो. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच दाखवले की हातांनी शिकलेले डोक्यात टिकते. आपल्या जिल्ह्यात धामापूरला 'स्यमंतक'चा प्रयोगही याच वाटेवरचा. असे प्रयोग चांगले आहेत. पण आमची मागणी प्रयोगशाळेची नाही, वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेची आहे, जिथे आमची मुले जातात.

आणखी एक गोष्ट त्या वहीत होती. रानभाज्यांची यादी. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, रानातले अळू. कुठली कधी येते, कुठली कशी शिजवली तर घसा खवखवत नाही. ही माहिती गुरुजींना नव्हती, ती मुलींच्या आज्यांनी दिली. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही 'सांस्कृतिक भांडवल' या शब्दावर पानेच्या पाने लिहिली. ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत त्यांच्या घरी ज्ञान नाही, असे शाळा धरून चालते. टाकळा आमच्या आज्यांनी हौसेने खाल्ला नाही, श्रावणात घरात दाणा नसायचा म्हणून खाल्ला. आता त्याच टाकळ्याचे रानभाजी महोत्सव भरतात, स्टॉलवर फलक लागतात, आणि ज्यांच्या भुकेने ती भाजी ओळखून ठेवली त्यांचे नाव त्या फलकावर नसते. शाळेच्या वहीत एका मुलीने 'माहिती देणारी' या रकान्यात आपल्या आजीचे पूर्ण नाव लिहिले होते. आम्हाला ते फार मोलाचे वाटले.

मात्र सगळीकडे असे चित्र नाही. दुसऱ्या एका शाळेत आम्ही गेलो तेव्हा शेणखताच्या पाट्या वाहणारी चार मुले होती, चारही आमच्या वाडीतली. रोपांना पाणी घालणारी आणि फोटोत पडवळ धरणारी मुले वेगळी. विचारल्यावर उत्तर मिळाले, "ती पोरं दणकट आहेत, त्यांना सवय आहे." चौथीतल्या पोराला कसली सवय? साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावाला स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. आज गोणपाट गेले, पाटी आली. म्हणून आम्ही आग्रह धरला की कामाची पाळी लिहून भिंतीवर लावा: खत, पाणी, खुरपणी, तोडणी, नोंदवही, सगळ्यांच्या वाट्याला सगळे, मुलगा-मुलगी भेद न करता. तिथल्या शिक्षकांना आधी राग आला. महिनाभराने तक्ता लागला. वकिलाच्या मुलाच्या नावापुढे शेणखत आले त्या दिवशी त्याच्या घरून फोन आला म्हणे. येऊ दे. परसबाग जात मोडते की जोपासते, ते त्या तक्त्यावर ठरते.

चुलीपाशीही तेच. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असे सांगितले. हा आदेश आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले, ती बातमी देशभर गेली. आपल्याकडे असा उघड बहिष्कार सहसा होत नाही. आपल्याकडे नेमणुकीच्या वेळीच 'सगळ्यांना चालेल अशी' बाई शोधली जाते. बातमी होत नाही, काम होते. महाराष्ट्रात या बाईंना महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे, तेही सरकार दरमहा वेळेवर देत नाही. एवढ्या तुटपुंज्या पैशांच्या कामातही आमच्या बाईला जागा मिळू नये, यावरून प्रश्न पैशांचा नाही हे कळावे.

आता सगळ्यात अवघड भाग. शाळांनी स्थानिक शेतकऱ्यांकडून ताजी भाजी घ्यावी असे आपण म्हणतो, तेव्हा 'स्थानिक शेतकरी' कोण? ज्याच्याकडे विहिरीची जमीन आहे तो. बौद्धवाडीतल्या घरांकडे बघा: काहींच्या नावावर काहीच नाही, काहींचा सातबारा वीस-पंचवीस नावांचा, वाटण्या न झालेला, त्यातले अर्धे मुंबईत. १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यांच्याच नावाच्या सबलीकरण योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची आहे. ती जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. पर्यटनाने ज्या किनाऱ्यावर गुंठ्यांचे भाव बोलले जातात, तिथे सरकारी दराने एकर विकायला कोण येणार? तेव्हा शाळेने स्थानिक शेतकऱ्याकडून भाजी घ्यायची ठरवली की पैसा जाणार त्याच जुन्या घरांत, आणि आमच्या बायका तिथेच खुरपायला जाणार.

यावर उत्तर शोधणारा एक देश आहे. ब्राझीलने २००९ मध्ये कायदा केला की केंद्राकडून शालेय आहारासाठी मिळणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग कुटुंब-शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यांकडून खरेदीवर खर्च झाला पाहिजे. त्यातही प्राधान्य कुणाला? भूसुधारणेत जमीन मिळालेल्या वसाहतींना, आदिवासींना आणि किलोम्बोलांना, म्हणजे पळून जाऊन स्वतःची वस्ती उभारणाऱ्या गुलामांच्या वंशजांना. निविदेची अटही शिथिल केली. आपल्या पीएम पोषणमध्ये बचत गटांना 'प्रोत्साहन' आहे. प्रोत्साहन आणि हक्क यांतला फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगावा लागू नये.

तोवर हातात काय आहे? बौद्धवाडीतल्या बायकांच्या गटाने लेखी भाडेपट्ट्याने दहा-वीस गुंठे घ्यावेत आणि परिसरातल्या शाळांना भाजी द्यावी. हिशेब उघड सांगतो, कारण स्वप्ने विकणाऱ्यांचा आम्हाला कंटाळा आहे. चाळीस पटाच्या एका शाळेची दोनशे दिवसांची भाजी ४०० किलो, चाळीसच्या भावाने १६,००० रुपये वर्षाला. त्यावर घर चालत नाही. आठ-दहा शाळा आणि दोन-तीन अंगणवाड्या जोडल्या तर चार-पाच बायकांना थोडाफार आधार होतो, तोही बिले वेळेवर निघाली तर. पण दुसऱ्याच्या मळ्यात मजूर असलेली बाई शाळेची पुरवठादार होते, मुख्याध्यापक तिला पावती देतात, ही गोष्ट रुपयांत मोजता येत नाही.

एका फसवणुकीपासून सावध राहू. परसबागेत भाजी होते म्हणून भाजीचा खर्च कमी करायचा, हा विचार उद्या कुणाच्याही डोक्यात येऊ शकतो. अंड्याचे तेच झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी सरकारी निधी नाही, हवे तर लोकसहभागातून द्या, असा निर्णय आला. लोकसहभाग म्हणजे ज्याच्या गावात श्रीमंत आहे त्याच्या मुलाला अंडे. समुद्राकाठच्या मालवणात शाळेच्या ताटात बांगडा कधीच येणार नाही, तो विषय काढला तरी लोक दचकतात. पण अंडे तरी मागायला हवे. परसबाग ही सरकारच्या ५० ग्रॅमवर जादा असली पाहिजे, त्याच्या बदल्यात नव्हे.

हे सगळे मागायची जागा आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्या प्रमाणात जागा द्याव्याच लागतात. आमच्या कार्यकर्त्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक दिसते, ही समिती दिसत नाही. तिची सभा दुपारी असते, आमचे पालक कामावर असतात, रजिस्टर नंतर सहीला घरी येते. या वर्षी आम्ही सात वाड्यांतल्या पालकांना आधीच सांगून ठेवले आहे की सभा संध्याकाळी ठेवायचा अर्ज द्या आणि सही सभेतच करा. पहिल्या सभेसाठी ठरावाचा मसुदा तयार आहे. त्यात कामाच्या पाळीचा तक्ता, स्वयंपाकी नेमणुकीत २००४ च्या आदेशाचा उल्लेख, भाजी खरेदीची पावती आणि भाव महिन्याला फलकावर, आणि वाडीतल्या गटाला खरेदीत पहिले विचारणे, एवढे मुद्दे आहेत. आपापल्या शाळेत तो वापरायचा असेल तर घ्या, तालुका आणि शाळेचे नाव बदला, आणि सभा झाल्यावर इतिवृत्ताची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. नंतर ती मिळत नाही.